खजिनदारांचं बोट जिथे थांबलं

खजिनदार गप्प बसले, तेव्हाच मी सावध झाले.

घरात रांगतं मूल असलं की एक गोष्ट कोणी न शिकवता कळते. ते रडतंय, ओरडतंय, डबे आपटतंय, तोवर सगळं ठीक असतं. आवाज बंद झाला की हातातलं काम टाकून धावायचं. नक्की काहीतरी तोंडात गेलेलं असतं.

आणि खजिनदार म्हणजे गप्प बसणारे गृहस्थ नव्हेत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कोणी वापरत नाही. आमच्या डेटा सेंटरमध्ये कितीतरी इस्पितळांचे अहवाल, छातीचे नि डोक्याचे स्कॅन, रुग्णांची वर्षानुवर्षांची माहिती ठेवलेली असते. ती ज्या कपाटांएवढ्या पेट्यांमध्ये असते, त्या सगळ्या स्टोरेजचे ते प्रमुख. कमरेला किल्ल्यांचा जुडगा नाही एवढंच, बाकी थाट सगळा तिजोरी सांभाळणाऱ्याचा. "माझ्या हातून आजवर एक अक्षर हरवलेलं नाही," हे वाक्य ते जेवणाच्या टेबलावरसुद्धा म्हणतात, सहज, शेजाऱ्याकडे मीठ मागावं तसं.

त्या दिवशी बैठकीच्या टेबलावर माझा नकाशा पसरलेला होता आणि ते त्यावर बोट फिरवत त्याची यथेच्छ टिंगल करत होते.

"अरे वा, बाळंतीणबाई आल्या त्या थेट भांडी एकत्र करायलाच आल्या! आमच्या दुधाच्या पातेल्यात आता तुमची आमटी शिजणार म्हणा की."

"सर, पातेली वेगळीच राहणार आहेत," मी म्हटलं. "चूल फक्त एक होणार."

मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या सेंटरच्या प्रमुख, हसल्या. त्यांच्या हसण्यावर जाऊन चालत नाही. त्या नाही म्हणतानाही तशाच हसतात.

योजना थोडक्यात अशी होती. आमच्याकडे पहिल्यापासून दोन संसार. एक साध्या कामांचं नेटवर्क, इथरनेटचं. ते आमचं. दुसरं फक्त स्टोरेजचं. त्याच्या केबली वेगळ्या, माल कुठल्या वाटेने जायचा ते ठरवणारे स्विच वेगळे, माणसं वेगळी आणि तोराही वेगळा. आता सेंटरचं नवं दालन बांधून होत आलं होतं. तिथेही हे दोन संसार थाटायचे का, असा प्रश्न मॅडमनी विचारला, आणि बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली मी हात वर करून बसले. म्हटलं, नको. स्टोरेजची वाहतूकही इथरनेटवरूनच नेऊ. जुन्या दालनात जमिनीची लादी उचलून मी पाहिलं होतं. खाली दोन्ही जाळ्यांच्या केबलींचा असा गुंता, की जणू महिनाभर फणी न लागलेले केस. खालून यायची थंड हवा त्यात अडकून बसलेली आणि वरचे सर्व्हर तापाने फणफणलेले.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि निकाल दिला तो असा: दोन रॅकवर चाचणी करायची. खजिनदारांनी ती हवी तशी मोडून बघायची. मोडली नाही तर नव्या दालनाचं सगळं काम माझ्या हाती. मोडली तर जुनीच पद्धत, आणि काम मास्तरांकडे. मास्तर म्हणजे आमच्याच नेटवर्कच्या टीममधला माझा सहकारी. समोर फळा नसला तरी शिकवत राहतो म्हणून हे नाव. माझ्या रजेत माझी खुर्ची त्यानेच सांभाळली होती, आणि सांभाळता सांभाळता ती त्याला जरा आवडूही लागली होती.

"तसं झालं तर तू ऑफिसातले पोर्ट बघ," मॅडम प्रेमाने म्हणाल्या होत्या. "घरी तान्हं आहे. तुलाही बरं पडेल."

टेबलांखाली वाकून कोणाची वायर निघाली ते बघत फिरायचं. मॅडमची ती माया मला टाचणीसारखी टोचली. पाच वर्षं मी स्विचांच्या भाषेत विचार केला होता. मूल झालं म्हणून ती भाषा कोणी माझ्या तोंडातून काढून घेतली नव्हती.

तर खजिनदार बोलत होते, बोट फिरवत होते. नकाशात प्रत्येक सर्व्हरपासून पेट्यांपर्यंत दोन रस्ते काढले होते, एका स्विचमधून एक, दुसऱ्यातून दुसरा.

"माझी अट एकच," ते म्हणाले. "एक रस्ता मेला तरी माझी हरकत नाही. दोन्ही एकाच वेळी अडले, पापणी लवण्याइतकेच का होईना, की हा कागद केराच्या टोपलीत. कबूल?"

"कबूल."

बोट पुढे सरकलं आणि नकाशाच्या मध्यावर थांबलं. खजिनदारांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "छान आहे. चाचणीला भेटू."

छान! मास्तरने टेबलाखालून मला अंगठा उंचावून शाबासकी दिली. मी मात्र घरी जाईपर्यंत त्या एका शब्दाने हैराण झाले. या माणसाने उभ्या आयुष्यात कशाला छान म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

घरी नवरा लेकीला कुस्करलेलं केळं भरवत होता. भरवत होता म्हणजे चमचा कोंबत होता. अर्धं केळं गळपट्टीवर, थोडं कानात.

"अरे, आधी तोंडातलं तर गिळू दे तिला!" सासूबाईंनी त्याच्या हातातून चमचा काढून घेतला. "तूही खाताना असाच घाई करायचास. पण मी भरवताना घाई केली नाही."

लेकीने गिळलं, आ केला, मग त्यांनी पुढचा घास दिला. काही सांडलं नाही.

"बघ," मी नवऱ्याला म्हटलं, "हीच माझी योजना आहे."

"केळं?"

"ऐक तर. आमचं साधं नेटवर्क तुझ्यासारखं आहे. पुढच्याच्या तोंडात जागा आहे का, हे न बघता भरवत सुटतं. सांडलं तर सांडलं, परत भरवायचं. ईमेलला ते चालतं. स्टोरेजला चालत नाही. ते आईंसारखं. आधीचं गिळलं की मगच पुढचं."

"मग त्या स्टोरेजवाल्यांचंच बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या.

"बरोबरच आहे, आई. म्हणून तर मी इथरनेटला तशी सवय लावणार आहे. स्टोरेजच्या मालाला वेगळी मार्गिका. त्या मार्गिकेत पुढचा 'थांब' म्हणाला की मागच्याने हात आवरायचा. एक कण सांडता कामा नये."

"आणि पुढचा थांब-थांबच करत बसला तर?" नवऱ्याने विचारलं.

"त्याचीही सोय आहे. फार वेळ थांब म्हणणाऱ्याला स्विच बाजूला काढतो आणि बाकीच्यांना वाट देतो."

नवरा शाळेत भूगोल शिकवतो. गळपट्टी धुता धुता तो म्हणाला, "ते ठीक आहे गं. पण बाजूला काढेपर्यंत? नदीला बांध घातला की पाणी बांधापाशी नाही तुंबत. मागे मागे सरकतं. कुठल्या गावापर्यंत जाईल, ते आधी बघून ठेवावं लागतं."

"माझं सगळं बघून झालंय," मी फणकाऱ्याने म्हटलं. पण त्यानंतर माझं जेवणात लक्ष नव्हतं. सासूबाईंनी दोनदा विचारलं, मीठ कमी झालंय का म्हणून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचले ती नकाशा घेऊनच बसले. पेन्सिल घेतली. समजा, एक सर्व्हर मंद आहे. तो थांब म्हणतो. त्याचा स्विच थांबतो, मग त्याच्या मागची पेटी. पाणी तुंबत मागे सरकतंय. कुठवर? एका रस्त्यापुरतंच ना? पेन्सिल सरकत सरकत नकाशाच्या मध्यावर आली आणि माझा हात थांबला. काल खजिनदारांचं बोट थांबलं होतं, त्याच जागी.

तिथे दोन स्विचना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन आखूड केबली होत्या. मीच काढलेल्या, किंचित अभिमानाने काढलेल्या. आम्हां नेटवर्कवाल्यांचा हा धर्मच आहे म्हणा ना. दोन स्विच शेजारी दिसले की त्यांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे. एक पडला तर दुसरा सावरेल. इतकी वर्षं मी हेच करत आले होते आणि दर वेळी शाबासकी घेत आले होते. स्टोरेजवाल्यांची रीत नेमकी उलटी. त्यांचे दोन रस्ते सख्ख्या भावांमध्ये वैर असल्यासारखे असतात. एकाने दुसऱ्याचं तोंड बघायचं नाही. मला तो त्यांचा जुनाट हेका वाटायचा.

आता पेन्सिल त्या जोडीवरून सरळ पलीकडे गेली. एका बाजूला तुंबलेला माल जोडीवरून दुसऱ्या स्विचकडे वळणार, तिथेही थांब, थांब. दोन्ही रस्ते एकाच वेळी अडणार. पापणी लवण्याइतकेच, पण अडणार.

हात द्यायला ठेवलेली जोड दोघांना मिळून बुडवणार होती, आणि खजिनदारांनी ते एका नजरेत ओळखलं होतं. चाचणीत तिथेच गाठायचं म्हणून छान म्हणाले होते! मला आधी त्यांचा राग आला. मग रागाच्या खालून एक चोरटा आनंद वर आला. त्यांनी माझी चूक ओळखली होती, आणि ते गप्प का बसले ते मी ओळखलं होतं.

"मधली जोड काढतेय," मी मास्तरला म्हटलं.

तो चहाचा कप घेऊन तसाच उभा राहिला. "वेडबिड लागलंय का? दोन स्विच आणि मध्ये काही नाही? नागडं दिसेल ते!"

"दिसू दे."

"अगं, पहिल्या धड्यात शिकवतात..."

"मास्तर, तो आपल्या शाळेतला पहिला धडा. त्यांच्या शाळेत पहिल्याच धड्यात छडी मारतात, दोन रस्ते जोडायचे नाहीत म्हणून. माल त्यांचा आहे. घर त्यांच्या रीतीनं बांधायला हवं."

"आणि साधी वाहतूक? ती कशी ओलांडणार?"

"वरच्या मोठ्या स्विचमधून. तिथे स्टोरेजची मार्गिका जातच नाही."

त्याने नकाशावर वरच्या स्विचपर्यंत बोट नेऊन पाहिलं. "पटत नाही," म्हणाला, आणि स्वतःच पाना-पक्कड घेऊन चाचणीच्या रॅकमध्ये लावून झालेल्या त्या केबली काढायला माझ्याबरोबर आला. खुर्ची आवडली असली तरी माणूस वाईट नाही.

चाचणीच्या सकाळी लेकीचं अंग कोमट लागलं. आदल्या दिवशी लस दिली होती, डॉक्टरांनी सांगितलंही होतं थोडा ताप येईल म्हणून. पण सांगितलेला ताप आणि हाताला लागलेला ताप यात फरक असतो. मी तिसऱ्यांदा थर्मामीटर लावायला गेले, तशी सासूबाईंनी तो काढून घेतला.

"तू जा बघू. तो पारा तुझ्या बघण्याने खाली येणार नाही."

"आई, मशीन रूममध्ये फोन नेता येत नाही. बाहेर कपाटात ठेवावा लागतो. काही झालं तर मला कळणारसुद्धा नाही."

"काही झालं तर मला कळेल ना? आणि इतके दिवस घरभर ते थांब-थांब ऐकून माझे कान किटलेत. आता जिंकून तरी ये."

मी गेले. एरवी मी दर थोड्या वेळाने फोनवर पाळण्याचा कॅमेरा बघते. नवरा म्हणतो, तुझ्याइतकी नजर तर बँकेच्या तिजोरीवरसुद्धा नसते. तो फोन कपाटात ठेवण्याआधी मी पाळणा आणखी एकदा बघून घेतला. पण दार लोटून आत शिरले, पंख्यांचा तो अखंड घोष कानांवर आला, थंड हवा पायांवर आली, आणि मला एकदम ताठ झाल्यासारखं वाटलं. इथे मला सगळं ठाऊक होतं.

दोन रॅक सज्ज होते. एकात सर्व्हर, दुसऱ्यात खजिनदारांची एक पेटी, खोट्या माहितीने शिगोशीग भरलेली. पडद्यावर दोन रेषा, एकेका रस्त्याची एकेक, दोन्ही उंच. मोठ्या मॅडम शाल लपेटून उभ्या होत्या. मास्तर पडद्यापाशी.

खजिनदार आले ते ट्रॉली ढकलत. ट्रॉलीवर एक जुनापुराणा सर्व्हर.

"हा कोण?" मॅडमनी विचारलं.

"आमचा कुंभकर्ण," खजिनदार कौतुकाने म्हणाले. "काहीही द्या, सावकाश घेतो. मध्येच डुलकी काढतो. भल्याभल्यांची जेवणं अडवलीत यानं."

आधी त्यांनी सोपे वार केले. एक केबल उपटली. एक रेषा खाली, दुसरी चालू. केबल परत लावली. मग एक अख्खा स्विच बंद केला. पुन्हा तेच. लहान-मोठ्या फायली मारून पाहिल्या. एक कण सांडला नाही. मास्तर दर वेळी मोठ्याने "चालू!" म्हणत होता, गाडी सुटताना गार्ड शिटी मारतो त्या थाटात.

मग त्यांनी कुंभकर्ण बसवला, आणि त्याला फक्त एकाच स्विचची केबल लावली.

"एकच?" मॅडम म्हणाल्या.

"पुरे आहे. दुसऱ्या बाजूला तो यांच्याच मधल्या जोडीवरून जाईल." ते वाकून रॅकच्या मागे डोकावले. डोकं बाहेर आलं, पुन्हा आत गेलं. मग बराच वेळ नुसती त्यांची पाठ दिसत राहिली.

"इथली जोड कुठे गेली?"

"काढली, सर."

"कोणी सांगितलं काढायला?"

"तुम्हीच."

"मी?" ते सरळ झाले. "मी तर एक शब्द बोललो नाही."

"म्हणूनच तर."

मॅडमना काही कळलं नाही. मास्तर पडद्याकडे बघत गालात हसला. खजिनदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गेली पाच वर्षं त्यांच्याच मजल्यावर बसते हे त्यांना आत्ता कोणी सांगितलं असावं.

"बरं," ते म्हणाले. "करा सुरू."

कुंभकर्णाने पहिले काही घास घेतले आणि तो आडवा झाला. थांब. थांब. थांब. पडद्यावरची पहिली रेषा कापरं भरल्यासारखी हलली आणि खाली बसली. त्या बाजूची सगळी मार्गिका अडली. हे असंच होणार हे मला पाठ होतं, तरी मी पडद्याच्या आणखी जवळ सरकले. त्या क्षणी मला लेकीची आठवणसुद्धा आली नाही. हे मी कोणाला सांगणार नव्हते, पण खरं ते खरं.

सगळ्यांची नजर दुसऱ्या रेषेवर होती. ती हलली नाही. शेजाऱ्याच्या घरात चाललेलं भांडण ऐकूच न आल्यासारखी आपल्या उंचीवर चालत राहिली. पेटीने आपला माल तिच्यावर वळवला. आणि तेवढ्यात पहिल्या स्विचचा संयम संपला. त्याने कुंभकर्णाला बाजूला काढलं, आणि बसलेली रेषा झपकन उभी राहिली.

"चालू!" मास्तर ओरडला. "दोन्ही चालू!"

खजिनदारांनी हे पुन्हा करायला लावलं. मग कुंभकर्णाला दुसऱ्या स्विचवर लावून पुन्हा. मग स्वतः खुर्ची ओढून बसले आणि पेटीतली माहिती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पडताळली. कोणी घाई केली नाही. मीही नाही. आपली वस्तू अशा माणसाने तपासावी, यापरता मान नाही असं मला वाटत होतं. वरवर बघून मान डोलावणारे खूप भेटतात.

"नाही हरवलं," शेवटी ते म्हणाले. "एक अक्षर नाही."

बाहेर आल्यावर मी आधी कपाट उघडलं. सासूबाईंचा निरोप होता: ताप उतरला, केळं खाल्लं, तुझ्या नवऱ्याच्या चष्म्याची काडी मोडली. मी तो निरोप दोनदा वाचला आणि बैठकीच्या खोलीत गेले.

मॅडमनी नकाशा पुन्हा पसरला होता. "तर नवं दालन याच पद्धतीनं. पहिल्यांदा काय हलवायचं? ऑफिसच्या ईमेलपासून करावी सुरुवात, म्हणजे काही झालंच तर..."

"छे, छे," खजिनदार म्हणाले. "ईमेल हलवून काय कळणार? मोठी पेटी हलवा."

मोठी पेटी म्हणजे हृदयाचे स्कॅन. तिला त्यांच्याशिवाय कोणी हात लावत नाही. साफसफाईवाल्या मावशीसुद्धा तिच्या भोवतीची फरशी त्यांना विचारून पुसतात. ती पेटी ते आपण होऊन माझ्या रस्त्यावर ठेवत होते. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येतंय की काय. ते आलं नाही. त्याऐवजी मनातल्या नकाशावर पेन्सिल फिरू लागली.

"नको, सर," मी म्हटलं. "मोठी पेटी सगळ्यांच्या शेवटी."

"का? भरवसा नाही तुमचा तुमच्या रस्त्यावर?"

"आहे. म्हणून तर घाई नाही. कुंभकर्ण एकच होता. नव्या दालनात दोन-चार एकदम डुलकी काढतील तेव्हा काय होतं, ते मला आधी बघायचंय. तोवर मोठी पेटी तुमच्या जुन्या जाळ्यावरच राहील."

खजिनदारांनी मॅडमकडे पाहिलं. मग ते हसायला लागले, पोट हलेपर्यंत. "घ्या! आयुष्यभर मी सगळ्यांना सावकाश, सावकाश म्हणत आलो. आता मला सावकाश म्हणणारी आली!" हसू आवरून ते मास्तरकडे वळले. "अहो मास्तर, बघता काय? कागद घ्या. काय आधी, काय नंतर, सगळं या सांगतील तसं लिहा."

त्यांनी खिशातून आपलं पेन काढून मास्तरसमोर ठेवलं. मॅडमनी आपली खुर्ची जरा मागे घेतली, मला नकाशापाशी जागा व्हावी म्हणून. मी नकाशा स्वतःकडे फिरवून घेतला आणि सांगायला सुरुवात केली.